अपंग, विकलांग, दिव्यांग : एका शब्दाची वाटचाल

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व प्राथमिक शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्गात आतापर्यंत आपण योजना, अनुदाने, प्रमाणपत्रे आणि निधी यांविषयी ऐकले. मला नेमून दिलेला विषय त्या मानाने किरकोळ वाटण्याजोगा आहे. ज्यांच्यासाठी या योजना आहेत त्यांना आपण काय म्हणावे, एवढाच तो प्रश्न. शब्दाने कोणाचे पोट भरत नाही की कोणाचा पाय चालू लागत नाही. मग शब्दांवर तासभर कशाला खर्च करावा, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शिक्षकी पेशात शिरलो तेव्हा माझेही मत तसेच होते. ते का बदलले हे सांगण्यासाठी प्रथम माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत सांगतो.

१९७८ साली मी एका लहान गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. पहिलीच्या वर्गात एक मुलगी येत असे. हाक मारली तर उत्तर देत नसे, पाढे म्हणताना ओठ हलवीत नसे, काही विचारले की नुसती हसे. वर्षअखेरीस मी नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘मंदबुद्धी’ असा शेरा मारला. त्या शेऱ्यामागे द्वेष नव्हता, तपासही नव्हता. पुढील दोन वर्षे ती शेवटच्या रांगेत बसून राहिली. मग एके दिवशी आमच्या एका सहकारी बाईंनी पाहिले की, तिच्या अगदी पाठीमागे शाळेचा टोल पडला तरी तिने मान वळविली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन कान तपासून घेतले, तेव्हा कळले की तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. बुद्धीत कसलाही दोष नव्हता. तिच्या आईला मी हे सांगावयास गेलो, तेव्हा ती माउली म्हणाली, “गुरुजी, पोर खुळी नाही हे मला ठावं होतं. पण तुमच्या वहीत तसं लिहिलंय म्हटल्यावर आम्ही गप बसलो.”

भाषा शिकण्याची तिची मोलाची वर्षे माझ्या एका शब्दाने नेली. त्या दिवसापासून शब्द ही किरकोळ बाब आहे, असे मी कधी म्हटले नाही.

घरातले शब्द

आपल्या मराठीत शारीरिक उणिवांसाठी शब्दांची मुळीच वाण नाही. आंधळा, काणा, तिरळा, चकणा, बहिरा, मुका, बोबडा, तोतरा, लंगडा, पांगळा, लुळा, थोटा, कुबडा, खुळा, अधू असे कितीतरी शब्द आपण लहानपणीच शिकतो. हे शब्द जन्मतः वाईट नाहीत. ते रोखठोक आहेत आणि आपला अर्थ नेमका सांगतात. लंगडा आणि पांगळा एक नव्हेत. लंगडा चालू शकतो, पांगळ्याचे पायच जातात. लुळा म्हणजे ज्याच्या अवयवात त्राण नाही तो, आणि थोटा म्हणजे ज्याचा अवयव तुटलेला आहे तो. एवढा सूक्ष्म भेद करणारी भाषा दरिद्री म्हणता येणार नाही.

दोष शिरला तो वापरात. माणसाचे नाव मागे पडून विशेषण पुढे आले, आणि त्या विशेषणाला तुच्छतेचा ‘या’ जोडून आपण लंगड्या, बहिऱ्या, मुक्या अशा हाका घालू लागलो. पुढे हीच विशेषणे आपण माणसांवरून काढून वाईट गोष्टींना चिकटविली. सबब खोटी असली की ती लंगडी. धोरण फसले की ते पांगळे. विचार न करता ठेवलेला विश्वास आंधळा. वासरात लंगडी गाय शहाणी, आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, या म्हणी आपल्या तोंडी सहज येतात. त्यांत कोणाला दुखविण्याचा हेतू नसतो हे खरे. पण ज्याला खरोखरच दिसत नाही असा मनुष्य त्या बैठकीत बसलेला असेल, तर आपल्या उणिवेचे नाव प्रत्येक फजितीला दिले जात असल्याचे त्याला ऐकावे लागते.

संतांनीही हे शब्द वापरले. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा ही सारी पात्रे येतात. परंतु तेथे रोख देहाच्या व्यंगाकडे नसून, डोळे असून न पाहणाऱ्या आणि कान असून न ऐकणाऱ्या धडधाकट श्रोत्याकडे आहे. रूपकातला हा आंधळा आपण स्वतः आहोत, हे विसरून आपण शेजारच्या आंधळ्याकडे बोट दाखविले, ही चूक भारुडाची नव्हे.

याच घरगुती भाषेत एक चांगली रीतही आहे आणि तिची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. जुनी माणसे ‘तो पायाने अधू आहे’, ‘आजी कानाने जड झाल्या आहेत’ असे म्हणतात. येथे उणीव पायापुरती किंवा कानापुरतीच राहते, साऱ्या माणसाला ती व्यापीत नाही. पाणिनीनेही अशाच प्रयोगासाठी व्याकरणात एक स्वतंत्र नियम सांगून ठेवला आहे. ज्या अवयवाच्या विकारामुळे व्यक्तीचे वर्णन केले जाते, त्या अवयवाची तृतीया विभक्ती होते. डोळ्याने काणा, पायाने लंगडा, अशी ती रचना. माणूस मोठा आणि व्यंग एका अवयवाचे, हे भान विभक्तीच्या एका प्रत्ययात सांभाळले गेले आहे. आज जगभर ‘आधी व्यक्ती, मग तिची अक्षमता’ असे जे सांगितले जाते, ते आमच्या आजीच्या बोलण्यात पूर्वीपासूनच होते.

दप्तरातले शब्द

आता ग्रंथातील आणि दप्तरातील शब्दांकडे वळू. अपंग, विकलांग आणि व्यंग या तिन्ही शब्दांत ‘अंग’ कोणत्या ना कोणत्या रूपाने दडलेले आहे. अपंग हा संस्कृत ‘अपांग’ या शब्दाशी जोडला जातो. गंमत अशी की, अपांग म्हणजे अंगाने उणा आणि अपांग म्हणजेच डोळ्याचा बाहेरचा कोपराही. कवींच्या नायिका ज्या कटाक्षाने घायाळ करतात तो या अपांगातूनच निघतो! विकलांग हा शब्द विकल आणि अंग यांचा. कला म्हणजे भाग, जशा चंद्राच्या कला. सर्व कलांसह असेल ते सकल आणि एखादी कला कमी असेल ते विकल. या अर्थाने पाहिले तर विकलांग हा मोठा समजूतदार शब्द आहे. कला कमी झाली म्हणून चंद्राला कोणी टाकाऊ म्हणत नाही. व्यंग म्हणजे अवयवातील दोष. विवाहाच्या जाहिरातींत वधूवर ‘निर्व्यंग’ हवेत असे छापले जाते, ते याच शब्दामुळे.

महाराष्ट्रात शासकीय व्यवहारात दीर्घकाळ ‘अपंग’ हा शब्द रूढ होता आणि हिंदीत ‘विकलांग’. १९८१ हे वर्ष आपण आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले, ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या वर्षाच्या नावातही एक बोधप्रद बदल झाला होता. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७६ साली ते प्रथम जाहीर केले, तेव्हा नाव ‘अपंगांसाठी वर्ष’ अशा अर्थाचे होते. पुढे ते बदलून ‘अपंगांचे वर्ष’ असे करण्यात आले. ‘साठी’ म्हटले की देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा. ‘चे’ म्हटले की मालकी त्यांची. एका प्रत्ययात दयेपासून हक्कापर्यंतचे अंतर तोडले गेले.

काही शब्द ज्ञान वाढल्यामुळे मागे पडले. ‘मूकबधिर’ हा त्यांतील प्रमुख. बहुतेक बहिऱ्या मुलांचा घसा, जीभ, ओठ सारे ठीक असते. ऐकू न आल्यामुळे त्यांना बोलणे शिकता येत नाही, एवढेच. म्हणून ‘कर्णबधिर’ हा शब्द आला. खाणाखुणांची भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हेही आता मान्य झाले आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्ली येथे २०१५ साली स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि त्याने तयार केलेल्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० संज्ञा आल्या होत्या. ज्याच्यापाशी भाषा आहे त्याला मुका कसे म्हणावे?

‘मतिमंद’ या शब्दाची गोष्ट तशीच. वेडा, खुळा यांपेक्षा सौम्य म्हणून तो आला. पण शाळाशाळांतून त्याची शिवी झाली. १९९५ च्या कायद्यात त्या अर्थाची इंग्रजी संज्ञा होती. २०१६ च्या कायद्याने तिच्या जागी ‘बौद्धिक अक्षमता’ असा अर्थ असणारी संज्ञा घेतली. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना आता स्वतंत्र नावे मिळाली आहेत. ज्या मुलाला अक्षरे उलटसुलट दिसतात ते मूल ‘ढ’ नसते, हे सांगणारा शब्दच पूर्वी आपल्याजवळ नव्हता.

शब्द बदलला, संख्या बदलली

पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी एक बाब येथे सांगतो. १९८१ च्या जनगणनेत तीनच वर्ग होते. पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके. त्या शब्दांत बसणारी माणसे साऱ्या देशात सुमारे ११ लाख भरली. १९९१ च्या जनगणनेत हा प्रश्नच विचारला गेला नाही. २००१ साली पाच वर्ग करून विचारले, तेव्हा संख्या २ कोटी १९ लाखांच्या घरात गेली. २०११ साली आठ वर्ग झाले आणि संख्या २ कोटी ६८ लाख झाली. त्यांपैकी महाराष्ट्रातील सुमारे २९ लाख ६३ हजार.

वीस वर्षांत देशात अपंगत्वाची साथ आली होती काय? मुळीच नाही. माणसे होतीच, त्यांना पकडणारा शब्द नव्हता. कमी दिसणारा मनुष्य ‘पूर्ण आंधळा’ नव्हता, म्हणून तो गणतीत नव्हता. आणि जो गणतीत नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही नसते. १९९५ च्या कायद्याने सात प्रकार मान्य केले होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांसारखे रक्ताचे विकार, कंपवात, आम्लहल्ल्यात जखमी झालेल्या व्यक्ती यांचा त्यांत समावेश झाला. आपल्या विदर्भातील आणि आदिवासी भागांतील सिकलसेलच्या रुग्णांना या एका नोंदीचे मोल किती आहे, हे तेथील शिक्षकांना सांगावयास नको.

व्यंग, अक्षमता आणि अडसर

जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली या विषयातील तीन कल्पना वेगळ्या करून दाखविल्या. मराठीत त्यांना व्यंग, अक्षमता आणि अडसर असे म्हणता येईल. उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. उसाच्या चरकात एका शेतमजुराचा हात गेला. हात कोपरापासून नाही, हे व्यंग. दोन्ही हातांनी करावयाची कामे होत नाहीत, ही अक्षमता. आणि अंगठा उमटत नाही म्हणून रेशन दुकानातून त्याला परत पाठविले, तर तो अडसर. व्यंग त्याच्या देहात आहे. अडसर मात्र त्या दुकानात आहे, तेथील यंत्रात आहे आणि ‘दुसरी सोय नाही’ असे सांगणाऱ्या माणसाच्या जिभेत आहे. २००१ साली याच संघटनेने नवे वर्गीकरण स्वीकारून परिस्थिती आणि परिसर यांना त्यात स्पष्ट स्थान दिले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या करारातही हाच विचार आहे, आणि त्या कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली.

मुरलीकांत पेटकर यांचे नाव आपण ऐकले असेल. सांगली जिल्ह्यात जन्मलेले हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पाण्यात त्यांना अडसर नव्हता. अडसर होता तो काठावर. त्यांना पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडले!

‘दिव्यांग’ या शब्दाविषयी

२७ डिसेंबर २०१५ रोजी आकाशवाणीवरील भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचविले आणि पुढील वर्षी केंद्र शासनाच्या संबंधित विभागाच्या हिंदी नावात तो शब्द आला. महाराष्ट्रातही ‘अपंग कल्याण’ जाऊन ‘दिव्यांग कल्याण’ आले आणि २०२२ साली दिव्यांग कल्याण विभाग हा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. आज शासकीय मराठीत हाच शब्द अधिकृत आहे, आणि आपण अर्ज, ठराव व पत्रव्यवहार यांत तोच वापरावयाचा आहे.

तथापि या शब्दाविषयी दोन मते आहेत, ती आपणापासून लपवून ठेवणे योग्य नाही. शब्दाच्या बाजूने असे म्हटले जाते की, आतापर्यंतचे सर्व शब्द उणे दाखविणारे होते. हा पहिलाच शब्द अधिक दाखवितो. अनेक कुटुंबांना त्यामुळे धीर आला, हेही खरे आहे. दुसरी बाजू खुद्द दिव्यांग व्यक्तींच्या काही संघटनांनी मांडली. आम्हांला देवत्व नको, आम्हांला चढता येईल असा उतार हवा, असे त्यांचे म्हणणे. देव मानले की नमस्कार करून मोकळे होता येते. नागरिक मानले की देणे लागते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीनेही २०१९ साली हा शब्द वादग्रस्त असल्याचे नोंदविले.

मला या संदर्भात मराठीतील दुसरे ‘दिव्य’ आठवते. आपल्या जुन्या न्यायपद्धतीत वादी-प्रतिवाद्यांना आपले खरेपण सिद्ध करण्यासाठी दिव्य करावे लागे. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, तापलेले लोखंड हाती धरावयाचे, असे ते प्रकार. ती पद्धत गेली, पण ‘दिव्य करणे’ हा वाक्प्रचार राहिला. दोन्ही पाय नसलेला मनुष्य आपल्याला पाय नाहीत हे सिद्ध करण्यासाठी जिन्याच्या पायऱ्या रांगत वरच्या मजल्यावरील कचेरीत जातो, तेव्हा तो दिव्यच करीत असतो. हे दिव्य त्याच्या वाट्याचे कमी करणे, हे आपल्या हाती आहे. ते आपण केले, तर ‘दिव्यांग’ या शब्दावरील आक्षेपाची धारही पुष्कळ बोथट होईल.

शब्द विटतात तरी का?

येथे एक रास्त शंका निघते. दर वीस-पंचवीस वर्षांनी नवा शब्द आणावयाचा, तो विटला की टाकून द्यावयाचा, यात अर्थ काय? शंका खरी आहे. दृष्टिकोन तोच राहिला तर नवा शब्दही जुन्याच वाटेने जातो. मुले खेळात एकमेकांना ‘ए दिव्यांग’ म्हणून चिडविताना मी स्वतः ऐकली आहेत.

पण याच्या उलटही घडते. एकेकाळी रक्तपिती, महारोग हे शब्द उच्चारणेही लोक अशुभ मानीत. त्या काळी, १९४९ साली, बाबा आमटे यांनी संस्था स्थापली आणि तिच्या नावातच तो शब्द घेतला : महारोगी सेवा समिती. आनंदवनातील माणसांनी शेती पिकविली, घरे बांधली, कापड विणले, आणि तो शब्द त्या संस्थेपुरता तरी सन्मानाचा झाला. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाला ‘चाकाची खुर्ची’ असे साधे नाव दिले. त्या नावात दैन्य नाही की देवत्व नाही. एक वस्तू आहे आणि तिच्यावर बसून चाललेले एक कर्तृत्ववान आयुष्य आहे. तात्पर्य, शब्द माणसाला मोठे करीत नाही. माणसाला मिळालेली संधी शब्दाला मोठे करते. चांगला शब्द वापरणे ही सुरुवात आहे. ती टाळून चालणार नाही आणि तिच्यावर थांबूनही चालणार नाही.

आपल्या हातून काय व्हावे?

आता आपल्या रोजच्या कामापुरत्या काही सूचना करतो.

पहिली गोष्ट, जेथे गरज नाही तेथे विशेषण लावू नये. ग्रामसभेच्या इतिवृत्तात एखाद्या सदस्याने पाणीपुरवठ्याविषयी मत मांडले, तर त्यांचे नाव लिहावे. ते चाकाच्या खुर्चीवर बसून बोलले, हे तेथे लिहिण्याचे कारण नाही.

दुसरी, जेथे गरज आहे तेथे नेमका प्रकार लिहावा. ‘दिव्यांग’ एवढेच लिहून भागत नाही. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, बहुविकलांगता यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. कर्णबधिर मुलाला उतार उपयोगी नाही आणि अस्थिव्यंग असलेल्याला श्रवणयंत्र नको.

तिसरी, ही नोंद आपल्या तर्काने करू नये. शिक्षकाने फक्त दिसले ते लिहावे. ‘मागून हाक मारली असता लक्ष देत नाही, कान तपासणी आवश्यक’, असे लिहावे. निदान करणे हे वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम आहे. मी हा भेद पाळला असता, तर एका मुलीचे आयुष्य निराळे झाले असते.

चौथी, ‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ हे शब्द जपून वापरावेत. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणात सूर्यचंद्र ग्रस्त होतात. लहानपणी पोलिओ झालेला मनुष्य आज दुकान चालवितो, मुले शिकवितो. त्याला कोणी गिळलेले नाही. ‘बिचारा’ हा शब्द तर दप्तरातून आणि भाषणातून हद्दपारच करावा.

पाचवी, शक्य तेथे त्या व्यक्तीलाच विचारावे. कित्येक दृष्टिहीन व्यक्तींना ‘अंध’ हा साधा शब्दच आवडतो. काहींना तो आवडत नाही. गावात आपण मोठ्या माणसाला तात्या, अण्णा, मावशी, काकी म्हणतो, तसेच यांनाही म्हणावे. नात्याच्या शब्दाइतका निर्दोष शब्द अद्याप कोणत्याही समितीला सापडलेला नाही.

याशिवाय कायद्याचीही जाणीव ठेवावी. २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमान्वये दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा असून, त्यासाठी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतील चित्रणासंबंधीच्या निकालात, हिणविणारे शब्द सामाजिक भेदभाव वाढवितात, असा इशारा दिला. पंचायतींच्या बाबतीत तर हे कर्तव्य संविधानातूनच आले आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २६ वी बाब समाजकल्याणाची असून तीत या व्यक्तींच्या कल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा आदेश आहे. हा निधी खर्च करण्यासाठी यादी लागते, आणि यादी शब्दांनीच तयार होते. यादीत ज्याचे नाव चुकीच्या रकान्यात गेले, त्याला मदतही चुकीचीच मिळते.

पांगुळगाडा

शेवटी आपल्या भाषेतील आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. लहान मूल चालू लागण्याच्या बेतात आले की आपण त्याला तीन चाकांचा लाकडी गाडा देतो. त्याचे नाव पांगुळगाडा. पांगुळ म्हणजे पांगळा. आपण प्रत्येकजण एकदा पांगुळ होतो, आणि ही गोष्ट सांगताना कोणालाही लाज वाटत नाही. कारण त्या वेळी घरातल्या कोणी आपल्याला बिचारा म्हटले नाही, आपली पूजाही केली नाही. सुताराकडून गाडा करून आणला, अंगण सारवून सपाट केले आणि चार पावलांवर हात पसरून ‘ये’ म्हणून हाक मारली. म्हातारपणी आपल्यापैकी बहुतेकांना पुन्हा एकदा काठीचा आधार घ्यावा लागणार आहे. तेव्हा पांगुळपण हा दुसऱ्यांचा विषय नाही. मधली काही वर्षे आपण तो विसरलेलो असतो, इतकेच.

एका घराने एका मुलासाठी जे केले, तेच गावाने आपल्या माणसांसाठी करावे, एवढाच या साऱ्या कायद्यांचा आणि योजनांचा अर्थ आहे. गाडा द्यावा, अंगण सपाट करावे आणि हाक मारताना नावाने मारावी.

ज्या मुलीविषयी मी आरंभी बोललो, ती पुढे पुन्हा शाळेत आली नाही. तिची वहीतली नोंद मी नंतर दुरुस्त केली; पण खोडलेल्या शब्दाखालचा मूळ शब्द तेथे अजूनही वाचता येत असेल. आपण येथून गावी परत गेल्यावर आपापल्या शाळेच्या आणि पंचायतीच्या नोंदवह्या एकदा उघडून पाहाव्यात आणि प्रत्येक नावापुढे काय लिहिले आहे ते वाचावे, अशी माझी विनंती आहे. जेथे तर्काने लिहिले असेल तेथे तपासणी करवून घ्यावी. कोणत्यातरी पानावर, शेवटच्या रांगेत, एखादे मूल अजून बसलेले असेल.